भेदरलेल्या मुलाचा उपचार

सोमवारची सकाळ. कोणत्याही जिल्हा रुग्णालयातील लहान मुलांचा बाह्यरुग्ण विभाग. केसपेपरच्या खिडकीपासून सुरू झालेली रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत पोचलेली असते. आयांच्या कडेवर तापाने फणफणलेली, खोकून बेजार झालेली मुले असतात. आतल्या खोलीतून एका मुलाची किंकाळी ऐकू येते आणि बाहेर बाकावर बसलेली सगळी मुले आईला घट्ट बिलगतात. एखादे मूल हातपाय झाडू लागते. त्याला गप्प करण्यासाठी आई म्हणते, ''रडलास तर डॉक्टर सुई टोचतील हं!'' आणि थोड्याच वेळाने त्याच डॉक्टरांसमोर त्या मुलाला बसवावयाचे असते.

हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणासच वाटत नाही. दवाखाना म्हटला की मुलांची रडारड ओघानेच आली, अशी सर्वांची धारणा असते. डॉक्टर त्याकडे कानाडोळा करतात, परिचारिका सवयीने मुलाचे हात धरते आणि मूल बाहेर आल्यावर त्याच्या हातात गोळी-बिस्किट दिले की प्रकरण मिटले असे मानले जाते. मुलांशी मायेने वागावे हे तत्त्व म्हणून कोणी नाकारीत नाही. तथापि ते सवड असेल तेव्हा आचरणात आणावयाचे सौजन्य आहे, प्रत्यक्ष उपचाराशी त्याचा संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज मुळातच चुकीचा आहे. भेदरलेल्या मुलाची तपासणी अचूक होत नाही, आणि अचूक नसलेल्या तपासणीवर उभारलेला उपचार सुरक्षित नसतो. म्हणजे मुलाचे भय हा केवळ मायेचा प्रश्न नसून त्याच्या जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घ्यावे. खोकला झालेल्या लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही, हे ठरविण्यासाठी ग्रामीण भागातील आरोग्यसेविकेपासून तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत सर्वांना शिकविलेली पहिली पायरी म्हणजे मुलाचे श्वास मोजणे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बालकाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. मात्र ही मोजणी पूर्ण एक मिनिट, आणि मूल शांत असताना करावयाची, अशी अट त्याला जोडलेली आहे. रडणाऱ्या मुलाचा श्वास आपोआपच जलद होतो. त्या आकड्यावर भिस्त ठेवली तर नसलेल्या न्यूमोनियासाठी प्रतिजैविके दिली जातात. आणि 'रडतेय म्हणून श्वास वाढलाय' असे म्हणून दुर्लक्ष केले तर असलेला न्यूमोनिया निसटतो. जी गोष्ट श्वासाची तीच नाडीची, पोटाच्या तपासणीची आणि छातीला नळी लावून ऐकण्याची. आक्रोश करणाऱ्या मुलाच्या छातीतून डॉक्टरांना बहुधा आक्रोशच ऐकू येतो.

वजनकाटा आणि चमचा

मोठ्या माणसाचे औषध 'सकाळी एक, रात्री एक' अशा हिशेबाने देता येते. मुलाचे औषध त्याच्या वजनावर ठरते. परंतु घाबरलेले मूल काट्यावर उभे राहत नाही. मग मागच्या खेपेचे वजन उतरवून घेतले जाते, किंवा वयावरून अंदाजाने आकडा लिहिला जातो. या अंदाजावर पुढे चुकांचा मनोरा उभा राहू शकतो. तापावरच्या पॅरासिटामॉलचेच पाहावे. बाजारात त्याचे थेंब मिळतात आणि पातळ औषधही मिळते. आपल्याकडे मिळणाऱ्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये सर्वसाधारणपणे १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरमागे अवघे २५ मिलिग्रॅम. दहा किलो वजनाच्या मुलाला १५० मिलिग्रॅमची मात्रा द्यावयाची झाल्यास पातळ औषधाचे सहा मिलिलिटर लागतात, थेंबांचे मात्र दीडच. पातळ औषधासाठी सांगितलेले सहा मिलिलिटर कोणी थेंबांच्या बाटलीतून पाजले, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. कडेवरचे मूल किंचाळत असता, मागची रांग पुढे रेटत असता, डॉक्टरांनी अर्ध्या वाक्यात सांगितलेली ही बाब आईच्या ध्यानात कशी राहावी? घरी गेल्यावर ती हाताला लागेल तो चमचा घेते. आणि घरोघरचे चमचे एका मापाचे नसतात.

ज्या आईचे मूल शांत असते तिला डॉक्टरांचे बोलणे ऐकू येते, शंका विचारता येते, सांगितलेले पुन्हा म्हणून दाखविता येते. मुलाला धीर देणे हा औषधाच्या मात्रेतील चूक टाळण्याचाही एक उपाय आहे, ही गोष्ट आपल्या रुग्णालयांतून क्वचितच ध्यानात घेतली जाते.

सुईच्या बाबतीत तर धोका अधिक उघड आहे. 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' या लोकसमजुतीमुळे अनावश्यक इंजेक्शने दिली जातात हे एक दुखणे आहेच. परंतु आवश्यक इंजेक्शनही झटापटीत दिले की ते भलत्या जागी पडण्याची भीती असते. कुल्ल्यातून जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला सुई लागून पाय लुळा पडल्याची उदाहरणे वैद्यकास अपरिचित नाहीत. तान्ह्या मुलांच्या लशी मांडीच्या बाहेरील भागात देण्याचा नियम झाला, त्यामागे हेही कारण आहे. उसळी मारणाऱ्या मुलाच्या अंगातून निघालेली सुई परिचारिकेच्या बोटात शिरते, तेव्हा धोका दोघांनाही असतो. नाक दाबून, रडत असताना बळेच पाजलेले औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. या सर्व अपघातांची नोंद 'मूल फार त्रास देत होते' अशी होते. मूल त्रास का देत होते, हा प्रश्न नोंदवहीत विचारला जात नाही.

गुंगीचा सोपा मार्ग

मूल ऐकत नाही म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावे, हा मार्ग वरकरणी सोपा वाटतो. दात काढण्यासाठी, टाके घालण्यासाठी, डोक्याचे चित्र घेण्यासाठी तो पुष्कळदा पत्करला जातो, आणि योग्य ठिकाणी, योग्य देखरेखीखाली त्यात गैर काही नाही. तथापि अमेरिकेतील चार्ल्स कोटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मुलांना गुंगी देताना घडलेल्या ९५ दुर्घटनांची छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी ५१ मुले दगावली होती आणि ९ मुलांच्या मेंदूस वा मज्जासंस्थेस कायमची इजा झाली होती. मात्रा जास्त होणे, एकाहून अधिक औषधे मिसळणे, गुंगी आलेल्या मुलाकडे पुरेसे लक्ष नसणे, पूर्ण शुद्धीवर येण्याआधीच घरी पाठविणे, अशी कारणे त्यात आढळली. काही मुलांना औषध घरीच पाजून आणण्यास सांगितले होते आणि वाटेतच अनर्थ ओढवला. मोठ्या रुग्णालयांपेक्षा बाहेरच्या लहान दवाखान्यांत घडलेल्या दुर्घटनांचे परिणाम अधिक भयंकर होते. आणि रक्तातील प्राणवायू मोजणारे साधे उपकरण बोटाला लावलेले होते तेथे मुले वाचण्याचा संभव अधिक होता. दहा मिनिटांच्या धीराच्या शब्दांनी जे काम झाले असते त्यासाठी औषधाची बाटली उघडणे हा किती महागडा आळस आहे, हे या छाननीवरून कळून येते.

दंतवैद्यकाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ शिष्टसंमत होती. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून वगळली ती २००६ साली. वास्तविक त्याच शास्त्रात ॲडल्स्टन यांनी १९५९ मध्येच 'सांगा, दाखवा, मग करा' ही तीन पायऱ्यांची रीत मांडली होती. काय होणार ते मुलाला कळेल अशा शब्दांत सांगावे, हत्यार दाखवावे, हाताळू द्यावे, आणि मगच काम सुरू करावे. चांगली रीत ठाऊक झाल्यावरही वाईट रीत सुटण्यास जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

जुने शहाणपण, नवे पुरावे

मुलाला भिववू नये, हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणावयास हवा असे मात्र नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालसंगोपनाची चर्चा करताना मुलाला घाबरविणे हितावह नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. मूल रडू लागले, जेवेना किंवा ऐकेना, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भेडसावू नये, असा तेथे उपदेश आहे. मुलाची खेळणी हलकी, आवाज करणारी, रंगीत, टोकदार नसलेली आणि भीतिदायक नसलेली असावीत, इतक्या बारकाव्यापर्यंत तो ग्रंथ जातो. ज्या समाजाच्या वैद्यकग्रंथाने बागुलबुवा निषिद्ध मानला, त्याच समाजात आज वैद्यच बागुलबुवाच्या जागी उभा केला जातो, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

गेल्या शतकात या शहाणपणाला पुराव्यांची जोड मिळाली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी १९४५ मध्ये शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या मनावर उरणाऱ्या आघाताकडे लक्ष वेधले आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनोविकारांशी त्याचे साम्य दाखविले. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली, आठ दिवसांसाठी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या सव्वादोन-अडीच वर्षांच्या मुलीचा चित्रपट डॉक्टरांपुढे ठेवला. 'शांत झालेले' मूल हे पुष्कळदा समाधानी नसून हताश झालेले असते, हे त्यावरून दिसले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने तेथील रुग्णालयांची दारे आईवडिलांना उघडी करावीत अशी शिफारस केली. तान्ह्या बालकाला वेदना कळतच नाहीत हा समजही डॉक्टरांत रूढ होता. मूळचे भारतीय असलेले कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बालकांवरील शस्त्रक्रियांचा अभ्यास करून, पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या बालकांत शरीरावरील ताण व गुंतागुंत कमी असते हे दाखविले, तेव्हा या समजुतीचा पाया खचला. पुढे कॅनडातील ॲना टॅडिओ यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, जन्मानंतर लगेच सुंता झालेली बालके काही महिन्यांनी लस घेताना इतर बालकांपेक्षा अधिक तीव्र वेदना दर्शवितात. तात्पर्य, जे बालक बोलू शकत नाही त्याचे शरीरही सोसलेल्या वेदनेची खूण जपून ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणातील वेदना कमी करण्याबाबत ज्या शिफारशी केल्या, त्यांत खर्चाची म्हणावी अशी एकही बाब ठळकपणे दिसत नाही. लस देणाराने शांत राहावे व साधे, खरे शब्द वापरावे. 'मुळीच दुखणार नाही' असे खोटे सांगू नये. लहान मुलाला आईच्या मांडीवर धरावे, मोठ्याला बसवावे. तान्ह्या बालकाला शक्य तेथे अंगावर पाजत असताना लस द्यावी. एकापेक्षा अधिक लशी असल्यास सर्वांत दुखरी शेवटी द्यावी. सहा वर्षांखालील मुलांचे लक्ष खेळण्याने वा गोष्टीने दुसरीकडे वळवावे. यांतील कोणत्या गोष्टीला परदेशी यंत्रसामग्री लागते?

आपल्याकडे रुग्णालयाच्या खाटेशेजारी आई राहते, हे खरे. ती तत्त्वामुळे राहते की परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येमुळे, याची चर्चा येथे नको. मात्र तीच आई बाह्यरुग्ण विभागात टाके घालण्याच्या किंवा रक्त घेण्याच्या खोलीच्या दाराशी अडविली जाते. 'तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यामुळे ते जास्त रडते,' असे तिला सांगण्यात येते. आईजवळ मूल मोकळेपणाने रडते एवढेच त्यात खरे आहे. आईविना ते कमी घाबरते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

ज्यांना सांगता येत नाही

या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत अधिक हाल होतात ते स्वमग्न, मतिमंदत्व असलेल्या किंवा बोलता न येणाऱ्या मुलांचे. गर्दी, गोंगाट, डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा, अनोळखी स्पर्श, यांतील एखादीही गोष्ट अशा मुलाला असह्य होते. ते किंचाळते, डोके आपटते, हातातून निसटून रस्त्याकडे धावत सुटते. लोक आईकडे रोखून पाहतात; अशा अनुभवानंतर ती माउली पुढची लस, दातांची तपासणी, डोळ्यांची तपासणी टाळू लागते. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. असे मूल एकाएकी चिडखोर झाले तर 'हा त्याच्या आजाराचाच भाग' असे म्हणून विषय संपविला जातो, आणि ठणकणारा कान किंवा किडलेली दाढ तशीच राहून जाते. ज्याला दुखते असे सांगता येत नाही, त्याचे वागणे हीच त्याची तक्रार असते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी व खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारात प्राधान्य या गोष्टी नमूद केल्या आहेत. अडथळा म्हणजे केवळ पायरी नव्हे. दोन तासांची रांग हादेखील अडथळाच आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील मुले तपासून विकासातील विलंब हुडकण्याची योजना आहे. परंतु हुडकलेले मूल ज्या दारी पाठवावयाचे त्या दारी त्याला सामावून घेण्याची तयारी नसेल, तर त्या शोधाचा उपयोग अर्धाच होणार. अशा मुलाला सकाळचा पहिला क्रमांक द्यावा, त्याला कशाने भीती वाटते व कशाने ते शांत होते हे आईला विचारून केसपेपरवर दोन ओळींत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेस तीच माहिती डॉक्टरांच्या हाती पडेल.

शाळांचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हा वर्गावर्गांतून रांगा लागल्या होत्या. दहाव्या व सोळाव्या वर्षीच्या लशीही पुष्कळदा शाळेतच दिल्या जातात. अशा रांगेत एक मूल भोवळ येऊन पडले की पाहता पाहता दुसरे, तिसरे पडते. हा लशीचा दोष नसून भयाचा संसर्ग असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या प्रकाराला ताणजन्य प्रतिक्रिया म्हणून स्वतंत्र नाव दिले. पडताना डोक्याला होणारी इजा मात्र खरी असते. रांगेतल्या मुलांना टोचणी दिसणार नाही अशी आडोशाची जागा, लस घेतल्यावर अर्धा तास बसविण्याची सोय, आदल्या दिवशी वर्गात केलेली पाच मिनिटांची प्रामाणिक चर्चा, एवढ्याने हा प्रकार बराचसा टळतो. हे काम डॉक्टरांपेक्षा शिक्षकच अधिक चांगले करू शकतात.

सवड नाही, हे उत्तर

यावर एक उत्तर हमखास येते. एका सकाळी शंभर-सव्वाशे मुले पाहावयाची असताना प्रत्येकाला गोष्ट सांगत बसणे कोणाला शक्य आहे? हा आक्षेप खोटा नाही. डॉक्टर व परिचारिका यांच्या रिकाम्या जागा भरल्यावाचून बाह्यरुग्ण विभाग माणुसकीने चालणार नाही, हे शासनाला पुनःपुन्हा बजावले पाहिजे. परंतु तिघांनी मिळून मुलाला आडवे पाडण्यात, निसटलेली सुई पुन्हा टोचण्यात, फसलेली तपासणी दुसऱ्या दिवशी करण्यात जो वेळ जातो, तोही हिशेबात धरला पाहिजे. शिवाय आज भ्यालेले मूल पुढच्या खेपेस दाराशीच आकांत मांडते.

मुलाला कधीच धरू नये, असेही कोणी म्हणणार नाही. घशात काही अडकले असेल, जखमेतून रक्त वाहत असेल, तर धरावेच लागेल. प्रश्न एवढाच की, हे आजच, आत्ताच केले पाहिजे काय, हे धरण्यापूर्वी कोणी तरी विचारावे. निकड नसेल तर थांबावे. निकड असेल तर आईच्या कुशीत, कमीत कमी वेळ, एकानेच त्याच्याशी बोलत राहून ते काम उरकावे.

घाई किती महागात पडते याचा एक दाखला महाराष्ट्राने पाहिला आहे. २०२१ च्या जानेवारीअखेर यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ मोहिमेच्या वेळी १२ बालकांना लशीऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने ती मुले बचावली आणि संबंधितांवर कारवाई झाली. परंतु कारवाईने व्यवस्था सुधारतेच असे नाही. बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचणे, मुलाचे पूर्ण नाव पालकाकडून वदवून घेणे, त्या दिवशीचे वजन त्याच दिवशी मोजणे, या पायऱ्या कितीही गर्दी असली तरी गाळावयाच्या नाहीत, असा शिरस्ता पडला पाहिजे. आणि तो पडण्यासाठी भोवताली किंचित शांतता लागते.

ही शांतता निर्माण करण्याचे काम केसपेपरच्या खिडकीपासून सुरू होते. एकाच नावाची दोन मुले आहेत हे प्रथम ध्यानात येते ते तेथील कारकुनाच्या. टोचण्याची खोली बाकांपासून दूर असावी, हे ठरविणे अधीक्षकांच्या हाती असते. खोलीत आईला येऊ द्यावे, हे परिचारिकेच्या हाती असते. आणि 'रडलास तर सुई टोचतील' हे वाक्य उच्चारू नये, हे मात्र प्रत्येक घराच्या हाती आहे. 'थोडे दुखेल, मी जवळ आहे,' एवढे खरे बोलण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.